आलं कवा, बघितलं कवा

थोरातमामांना नमस्कार केला की ते आधी घड्याळ बघतात आणि मग नमस्कार करतात. सैन्यात सतरा वर्षं सिग्नलमध्ये काढून आलेले हे गृहस्थ आष्ट्याजवळच्या आमच्या कॉलेजात नेटवर्क लॅबचे सहायक आहेत, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीला निम्मे तेच जबाबदार आहेत. लॅबच्या दारात त्यांचं रजिस्टर असतं. खडूचा खोका येवो, टपाल येवो, नाहीतर खुद्द प्राचार्य, त्यात दोन रकाने भरले जातात: ‘आलं कवा’ आणि ‘बघितलं कवा’. प्राचार्यांनी एकदा विचारलं, माझ्या नावापुढे दोन वेळा कशाला? मामा म्हणाले, तुम्ही आला तेव्हा मी वायर सोलत होतो.

मुलांना शिकवायला मी एक नमुना प्रोग्रॅम लिहिला होता. नेटवर्कवरून माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेट, ये-जा करतात. कुठलं किती वाजता आलं-गेलं ते हा प्रोग्रॅम दाखवतो. सहा वर्षं कुणाची तक्रार नव्हती. यंदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मामांनी तो सगळ्या मशीनवरून पुसून टाकला, मला न विचारता. मी तणतणत लॅबमध्ये गेलो.

“आवं सर, खोटं बोलतंय ते,” मामांनी एक छापील कागद माझ्यापुढे आपटला. त्यात उत्तराचं पॅकेट आधी होतं आणि प्रश्नाचं नंतर. “पोरानं मागायच्या आदी आय ताट वाढती, पर ती घरात. मशिनीत कसं व्हईल?”

मी म्हणालो, अहो, सेकंदाच्या हजाराव्या भागानं कुणाचं काय बिघडतंय? हे वाक्य मी बोलायला नको होतं. मामांचे कान लालबुंद झाले. लय शिकलाय तुमी, एवढंच म्हणून त्यांनी लॅबला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून निघून गेले. उद्या साठ मुलांची परीक्षा आणि हा माणूस रुसून बसला! विभागप्रमुख मी, आणि व्हरांड्यात उभा मीच.

दातओठ खात स्टाफरूममध्ये बसून मी प्रोग्रॅम उघडला. मामांना खोटं पाडायचंच होतं. तासाभरात खोटा मीच पडलो. आलेली पॅकेट एका रांगेत थांबत होती, गेलेली दुसरीत. आणि माझा प्रोग्रॅम रांगेतून पॅकेट उचलायचा तेव्हाची वेळ त्याच्यावर ठोकायचा. रांग तुंबली की वेळ चुकली. प्रत्येक पॅकेटची खरी वेळ मशीन स्वतःच टिपून ठेवत होतं. मी ती कधी वाचलीच नव्हती. मी चार ओळी बदलल्या. राग मात्र उतरला नाही, कारण आता तो माझ्यावरच होता.

मामा सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसले होते. मी काय चुकलं ते सांगितलं आणि नवा कागद दिला. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ तपासली.

“मी बी ह्येच केलतं,” ते म्हणाले.

सैन्यात असताना डोंगरावरच्या एका सिग्नल सेंटरला त्यांची ड्यूटी होती. शिराळ्याच्या एका जवानाला निरोप आला, आई अत्यवस्थ. मामा पत्ते खेळत होते. डाव संपल्यावर त्यांनी निरोप उचलला, त्यावर तीनची वेळ घातली आणि पळत नेऊन दिला. खाली जाणारी गाडी एकला सुटली होती. दुसरी तिसऱ्या दिवशी मिळाली. जवान घरी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

“त्यानं मला मिठी मारली, सर. पळत आलास म्हनून. अजून दर नागपंचमीला फोन करतोय, पुरनाची दिंडं खायला ये. मी कवा गेलो न्हाई.” त्यांनी कागदाची घडी घातली. “अकराला आलता त्यो निरोप.”

मामांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. परीक्षा पार पडली.

श्रावण लागला तशी मामा लॅबमध्ये माझ्याकडे एक रजेचा अर्ज घेऊन आले. गाव शिराळा, दिवस नागपंचमीचा. कारणाच्या जागी त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: ‘एक वेळ दुरुस्त करायची आहे.’

मी हातातलं काम बाजूला सारून लगेच सही केली. मग त्यांचं रजिस्टर ओढून घेतलं, घड्याळ बघितलं आणि अर्जाच्या नोंदीपुढे दोन्ही रकान्यांत एकच वेळ लिहिली.