वर्तककाकांची गाळणी

वर्तककाका माणसं आठवत नाहीत, गाळतात. मुलुंडच्या आमच्या जुन्या इमारतीत कुणी विचारलं, "काका, हापूस आलाय, कुणाकुणाला हवाय?" की ते लॅपटॉप उघडायचे. "थांब, गाळणी लावतो!"

निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, काका पायथन या संगणकाच्या भाषेला लागले. इमारतीतल्या प्रत्येकाची त्यांनी एकेक डिक्शनरी केली. डावीकडे किल्ली, म्हणजे नाव, मजला, साखर, घोरणं. उजवीकडे तिचं उत्तर. सगळ्या डिक्शनऱ्या एका यादीत. अट घातली की हवी तेवढीच माणसं हाती यायची. कोजागरीला 'साखर'वर गाळणी लागायची आणि गच्चीवर बिनसाखरेच्या दुधाचे पेले वेगळे निघायचे. एकदा सबनीस आजोबांची 'साखर' भरायचीच राहिली. प्रोग्रॅम तिथेच आपटला आणि दूध आटत बसलं.

"अरे वर्तक, मी समोर बसलोय, मलाच विचार ना!"

"तसं नाही चालत हो. किल्ली पाहिजे!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. फार सुखाचे दिवस होते ते.

मग इमारत पाडली, टॉवर झाला. एकेक करत सगळे पांगले, मी पार्ल्याला आले; काका तेवढे टॉवरमध्येच राहिले. टॉवरमधल्या नव्या मंडळींनी 'प्रायव्हसी' म्हणत काकांना डिक्शनरी करू दिली नाही.

परवा, कोजागरी तोंडावर आलेली, मी काकांकडे गेले. ते स्क्रीनपुढे बसले होते. अट होती, 'सध्या कुठे': 'मुलुंड'. खाली एकच नाव उरलं होतं, त्यांचं.

"यंदा कोजागरी रद्द गं. गाळणीत मी एकटाच."

मला रागच आला. "काका, किल्ली बदला ना! ज्याच्याकडे जुना 'मजला' आहे, तो आपला."

त्यांनी किल्ली बदलली. स्क्रीन नावांनी भरली, पण काका काही खुलले नाहीत.

"मला काय ठाऊक नव्हतं? केव्हाच लावून बघितलं होतं. पण बोलावलं आणि कुणी आलंच नाही तर? त्यापेक्षा ही मुलुंडची अट बरी वाटली."

दुसऱ्या मजल्यावरच्या शुभाताई आता बदलापूरला असतात. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला, काकांकडे आलेय म्हणून सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

"काका, आहात ना तिथे? अहो, बोलावणं का नाही अजून? आम्ही वाट बघतोय! आणि ऐका, ह्यांना मधुमेह निघालाय. तेवढी साखर बदला तुमच्या त्या डिक्शनरीत."

"थांब, बदलतो," काका म्हणाले.

पण त्यांना अक्षरं दिसेनात. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी 'साखर'पुढे 'नको' मीच टाइप केलं.