सासरेबुवांचा दगड आणि दातेरी टायर

यंदा ट्रकचे टायर आपणच निवडायचे, असं मी ठरवलं आणि घराला बाधा झाली.

आजवर ते काम सासरेबुवांचं. उर्हो नाव त्यांचं. सरोवराकाठच्या या चढउतारांवर चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकले. टायर घेताना ते कडेची खूण बघत. डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ती असली की रबर थंडीत मऊ राहतं, ओल्या रस्त्यालाही धरून चालतं. ऑक्टोबरात ते गेले. मी दुकानात गेलो आणि अस्वलाच्या जबड्यासारखे दातेरी टायर बघून भुललो. खूण नव्हती, पण रुबाब काय होता! तेच बसवून आणले. (मी रस्ते खात्यात कारकून. 'टायरची खूण तपासा' ही पत्रकं मीच छापतो. लोकांसाठी.)

"खूण आहे ना?" बायकोनं, एल्मानं, विचारलं. "माझ्या आईला ट्रकमधून न्यायचं असतं."

"आहे की," मी म्हणालो.

मागचा हौदा हलका राहिला की ट्रक घसरतो, म्हणून इथे सगळे त्यात वाळूची पोती टाकतात. मला पोती उचलायचा कंटाळा. सासरेबुवांच्या थडग्याचा दगड घडवून आणला होता, पण जमीन गोठलेली, उन्हाळ्याआधी बसणार नव्हता. तो हौद्यातच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला ट्रक उतारावर दहा हात खाली. तोंड दफनभूमीकडे. हँडब्रेक ओढलेला. मागे चाकांची नक्षी नाही, नुसत्या दोन गुळगुळीत रेघा, कुणी ओढत नेल्यासारख्या. तिसऱ्या दिवशीही तेच. माझी बोबडी वळली. पण बायकोला सांगावं तर खुणेची गोष्ट निघणार. गुपचूप चाकाखाली ओंडका लावला.

शनिवारी दुपारी आमच्याकडची वाफेची आंघोळ उरकल्यावर सासूबाईंना घरी सोडायचं होतं. त्यांना ट्रकमध्ये बसवलं, ओंडका काढला आणि त्यांचं टॉवेलांचं बोचकं आणायला आत वळलो. मागे बघतो तर ट्रक निघालेला. इंजिन बंद, आवाज नाही. पडत्या बर्फात तो विरत चालला होता आणि सासूबाई ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे वळून शांतपणे बोलत होत्या.

मी धावलो, पडलो, उरलेलं अंतर घरंगळलो. म्हातारीला काही झालं तर, या विचारानं चक्क रडलो. ट्रक दफनभूमीच्या फाटकाशी बर्फाच्या ढिगात अलगद टेकला. एल्माही धापा टाकत आली. आम्ही दार उघडलं.

सासूबाईंच्या केसालाही धक्का नव्हता. "हे म्हणतायत," त्या म्हणाल्या, "टायरवर खूण नाही."

एल्मा खाली बसली. हातमोज्यानं चारही चाकांवरचं बर्फ पुसलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा भूत परवडलं.

"आणखी काय म्हणतात बाबा?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी रिकाम्या जागेकडे कान दिला. "म्हणतायत, माझा दगड उघड्यावर नको, गॅरेजमध्ये ठेवा."

"मग मागे वजनाला काय टाकायचं?"

सासूबाईंनी पुन्हा कान दिला आणि मान डोलावली.

सोमवारी खुणेचे टायर बसले. ट्रक आता उतारावर जागचा हलत नाही. शनिवारी एल्मा चालवते, सासूबाई शेजारी बसतात आणि मी हौद्यात, दगडाच्या जागी.