क्रोएशियन, पण त्यातले कोण?

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि तळ्याच्या मधोमध एक बेट. बेटावर कोल्हे येत नसत, म्हणून सगळे शहाणे तिथंच राहत. किती शहाणे ते आता कळेलच. चुळबुळ करू नका.

एका संध्याकाळी काठावर एक करकोचा उतरला. उतरला कसला, आदळलाच! त्याचं नाव दाव्होर. पंख दुखावला होता, थवा पुढे निघून गेला होता. समोर बेट दिसलं आणि बिचाऱ्याच्या जिवात जीव आला.

पाठीवरून सगळ्यांची ने-आण करणारे कासवकाका काठाशीच होते.

"काका, मला पलीकडे न्याल का? अंधार पडायच्या आत?"

"नेतो की! आपण कोणापैकी?"

"मी क्रोएशियन."

"म्हणजे?"

"क्रोएशिया माझा देश. तिथला तो क्रोएशियन."

"ते कळलं हो. पण त्यातले कोण?"

दाव्होर गोंधळला. हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. "आमची बोलीही क्रोएशियन," तो म्हणाला. "धुराड्यावरचं आमचं घरटंसुद्धा क्रोएशियन."

काकांच्या पाठीवर साळुंकीबाई बसल्या होत्या. त्या फणकारल्या, "पक्षी, बोली, घरटं, सगळ्याला एकच शब्द? मग कोण वरचं, कोण खालचं, कळायचं कसं बाई?"

"आम्ही तसलं काही मानत नाही हं," काका घाईघाईनं म्हणाले. "पण बेटावर कुणाच्या शेजारी बसवायचं, एवढं तरी कळायला नको? बरं, आजोळ कुठलं?"

"तेही क्रोएशियन."

"टाळतोय मेला!" साळुंकीबाई कुजबुजल्या. "नक्की काहीतरी लपवतोय."

"रागावू नका," काका म्हणाले, "उद्या सकाळी बैठकीत तुमचा विषय घेतो." आणि बाईंना घेऊन ते निघून गेले.

दाव्होरला रडू कोसळलं. अर्धं जग ओलांडून आलो ते या चौकशीसाठी? त्याला घरची फार आठवण आली.

तेवढ्यात झुडपातून कोल्हा आला. त्यानं काहीच विचारलं नाही.

सकाळी बैठक झाली, ती शोकसभा म्हणून. "फार सालस होते हो क्रोएशियन," साळुंकीबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग हळूच काकांकडे सरकल्या.

"पण शेवटी कळलं का हो, कोणापैकी होते?"

तात्पर्य : जातपात न बघता सगळ्यांना सारखंच मानणारा एखादा तरी प्रत्येक जंगलात असतोच. बाळांनो, त्याच्यापासून जपून राहा.