लोबोसर आणि मोठ्या तोंडाच्या गाड्या

बंगल्याच्या किमतीची गाडी समोर आली की माणसं एक तर बापरे म्हणतात, नाहीतर मोबाइल काढून तिच्या शेजारी उभी राहतात. आमचे लोबोसर हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारतात. परीक्षा चालू असलेल्या वर्गात फिरावं तशी. मग मालकाकडे वळून शांतपणे सांगतात, "मागून बरी आहे."

मालवणपासून जवळच, समुद्राच्या काठाला आमची वाडी. तिथे माझं पर्यटकांसाठीचं छोटं घर आहे. खोल्या मोजक्या आणि बायकोच्या हातचं जेवण. सगळं ठीक, फक्त गाडी लावायला जागा नाही. जागा आहे ती शेजारच्या लोबोसरांच्या अंगणात. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले, पुढे आंजेलीनबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन गोव्याला, आणि एवढ्या मोठ्या अंगणात उरले एकटे सर आणि त्यांची स्कूटर. पाहुण्यांची गाडी तुमच्याकडे लावू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी भाडं घ्यायला साफ नकार दिला. अट एकच घातली. गाडीबद्दल त्यांना काय वाटतं ते मालकाने ऐकून घ्यायचं.

ही अट मला तेव्हा फुकटची वाटली. पुढे ती किती महाग आहे ते कळलं.

कारण आता आमच्याकडे येतात त्या गाड्या म्हणजे गाड्या नव्हेत. वाळवंट ओलांडायला, डोंगर चढायला म्हणून बनवलेली ती धुडं असतात, आणि ती येतात सुरमई खायला. आमच्या चिरेबंदी गडग्यांमधल्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधल्या, वाटेत शिरली की मालक खाली उतरतो, ड्रायव्हरला ओरडून दिशा सांगतो आणि गडग्यावरच्या बोगनवेलीची फांदी दोन बोटांनी बाजूला धरतो, ओरखडा उठू नये म्हणून. वाळवंट ओलांडणारी गाडी बोगनवेलीला भिते, हे सरांना फार आवडायचं.

सरांचा मुख्य राग गाड्यांच्या तोंडावर. माझ्याशी ते मालवणीत बोलतात. म्हणायचे, "एवढा मोठा तोंड कित्याक उघडलला आसा? कोणाक गिळूचा आसा?" पुढची ती चकचकीत जाळी त्यांना चर्चमधल्या वेदीसारखी वाटे, फक्त मध्ये येशू सायबच नाही. एकदा एका गाडीच्या नाकावर वाकलेली चांदीची बाई होती. ही कोण, म्हणून सरांनी विचारलं. मालकाने अभिमानाने बटण दाबलं तशी ती बाई आत गेली, दाबलं तशी वर आली. सरांनी त्याला तसं पुन्हा पुन्हा करायला लावलं आणि शेवटी म्हणाले की तिला आत राहू दे, बाहेर येऊन तिला तरी काय सुख आहे. दोन रंगांची गाडी आली की विचारत, वरचा रंग संपला होता का. चौकोनी गाडीला ते फडताळ म्हणत. फडताळाला चाकं लावली म्हणून त्याची गाडी होत नाही, रेषा लागते. आणि रेषा म्हणजे काय ते हवेत बोटाने काढून दाखवत.

आता हे सगळं ज्या माणसाने सांगायचं त्याची स्वतःची स्कूटर कशी होती, तेही सांगायला हवं. तिचा रंग सरांनी स्वतः मिसळून स्वतः दिला होता. मनात होता संध्याकाळच्या आभाळाचा रंग; आला तो नासलेल्या सोलकढीचा.

बहुतेक पाहुणे हसून सोडून देत. पुण्याचे बांदलसाहेब सोडून देणारे नव्हते.

बांदलसाहेब इमारती बांधत. खोली ठरवताना त्यांनी खोलीबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त रस्त्याची रुंदी विचारली. आले ते बायको, वयस्कर आई आणि ड्रायव्हर यांच्यासह, आणि जी गाडी घेऊन आले ती सरांच्या अंगणात उभी राहिली तशी सरांच्या ओसरीवरचा उजेड कमी झाला. सरांनी नेहमीची फेरी मारली. नेहमीचं वाक्य बोलले. बांदलांना ते लागलं. त्यांनी सरांना समजावलं की या वर्गातल्या गाडीत सौंदर्य वगैरे दुय्यम असतं, या गाडीला प्रेझेन्स असतो.

"म्हणजे हजेरी," सर म्हणाले. पाहुण्यांशी ते शाळेतलं मराठी बोलतात. "हजेरी लावायला एवढी जागा कशाला लागते? मुलं नुसता हात वर करायची."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांदलांनी हुकमाचं पान काढलं. गाडीच्या आतल्या छताला बारीक बारीक दिवे होते. सरांना मागच्या सीटवर बसवून, काचा लावून त्यांनी ते पेटवले. डोक्यावर चांदण्याच चांदण्या. सर मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, या वेळी मान्य करणार. पण सर त्यात सप्तर्षी शोधत होते. ते नाहीत, ध्रुवही नाही, तेव्हा हे आभाळ नेमकं कुठलं, असं त्यांनी विचारलं. आणि बाहेर येऊन वर बोट करून सांगितलं की इथे सगळे जागच्या जागी आहेत, बटणही लागत नाही.

बांदल तरातरा माझ्याकडे आले. त्यांचं म्हणणं असं की आपण इथे अपमान करून घ्यायला आलो नाही, आणि नेटवर तुमच्या या घराबद्दल काय लिहायचं ते आपण बघू. आमचा धंदा त्या नेटवरच्या चार ओळींवर चालतो. मी सरांकडे गेलो, अजिजी केली, म्हटलं सकाळी ते निघतील तेव्हा गाडीबद्दल एक चांगलं वाक्य बोला, खोटं चालेल. सर म्हणाले, माझ्यासाठी म्हणून बोलतील, पण रंगाबद्दल बोलणार नाहीत.

सकाळी सगळे अंगणात जमले. सामान भरून झालं. बांदल गाडीला टेकून उभे होते. सर काय बोलतात ते ऐकायचं होतं त्यांना, तसं दाखवत नव्हते एवढंच. सर ओसरीवरून खाली आले. घसा साफ केला.

तेवढ्यात बांदलांच्या आई गाडीत चढायला लागल्या.

त्या दोन दिवसांत आम्ही त्यांना फारसं पाहिलंच नव्हतं. मुलगा-सून किल्ल्यावर गेली, बोटीतून फिरून आली. आई बहुतेक वेळ खोलीत. का ते आता दिसलं. गाडीची पायरी आपोआप बाहेर आली, पण तीही त्यांच्या गुडघ्याला उंचच. त्यांनी एक पाय वर ठेवला, आणि दुसरा काही जमिनीवरून सुटेना. ड्रायव्हर आतून हात ओढायला लागला, सून मागून ढकलायला लागली. बांदल म्हणत होते, आई, वरची मूठ धर, वरची. म्हातारी शरमली. अनोळखी माणसांसमोर आपल्याला पोत्यासारखं चढवलं जातंय, हे तिला कळत होतं, म्हणून ती हसत होती.

सर घरात गेले आणि स्वयंपाकघरातलं बुटकं लाकडी स्टूल घेऊन आले. पायरीच्या खाली मातीत ते नीट दाबून बसवलं, हलत नाही ना ते स्वतःच्या पायाने बघितलं. सुनेला बाजूला व्हायला सांगितलं आणि आईंचं कोपर खालून धरलं. "चांगला पाय आधी," ते म्हणाले. "घाई नाही. कोण पळून जात नाही." आई स्टुलावर उभ्या राहिल्या, श्वास घेतला, मग पायरीवर, मग आत. सीटवर टेकल्यावर त्यांनी सरांचा हात लगेच सोडला नाही.

सगळ्यांना हायसं वाटलं. बांदलांनी गॉगल चढवला आणि विचारलं, "मग सर, काय म्हणता शेवटी?"

सरांनी गाडीकडे पाहिलंही नाही. "पुण्याला उतरवताना सावकाश उतरवा त्यांना," एवढंच म्हणाले.

गाडी गेली. मी वैतागलो होतो. एक वाक्य मागितलं होतं, तेही दिलं नाही. मी तसं बोललोसुद्धा. सर ओसरीच्या कठड्यावर बसले होते, स्टुलाची माती हाताने झाडत. आंजेलीनबाईंचे गुडघे दुखायचे हे मला माहीत होतं. शेवटी शेवटी त्या रविवारच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, येईनाशा झाल्या, कंटाळा येतो म्हणायच्या, तेही माहीत होतं. त्यामागचं सरांनी त्या दिवशी सांगितलं.

स्कूटरवर चढायचं तर आंजेलीनबाईंना ओसरीच्या पायरीवर उभं राहावं लागे, आणि परत येताना चर्चच्या. त्या कितीतरी वर्षं म्हणत होत्या की एक लहानशी गाडी घेऊया, जुनी चालेल. सरांची ना नव्हती. ते कुडाळला गेले, कणकवलीला गेले, गाड्या पाहून आले. एकीचे डोळे बेडकासारखे. एकीचा रंग खोकल्याच्या औषधाचा. एकीचं ढुंगण बसकं. दर वेळी घरी येऊन ते तिला चित्र काढून दाखवत, काय चुकलंय ते. ती बघायची, हसायची आणि आत जायची.

"एकय बरी दिसाक नाय," सर म्हणाले. "ती म्हणायची, माका बसाक व्हयी, बघूक नको."

बायकोने चहा पाठवला तो दोघांनी घेतला.

बांदलांनी नेटवर लिहिलं ते असं: रस्ता अरुंद, मासे उत्तम, शेजारी आईशी चांगले वागले. मी ते सरांना वाचून दाखवलं. अरुंदमधला उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ, एवढं त्यांनी विचारलं.

माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे. तिच्याबद्दल इतका वेळ बोललो नाही, कारण ती मोजण्यातलीच नव्हती. तिच्यातून मी बाजारातून मासळी आणतो, गॅसचे सिलिंडर आणतो. एक दरवाजा दोरीने बांधलेला. सरांनी तिच्यावर कधी मतसुद्धा दिलं नव्हतं. शिक्षक कोऱ्या पेपरावर काय लिहिणार. त्या आठवड्याच्या शनिवारी सर गडग्यापाशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "सकाळी तुझी व्हॅन मोकळी आसा?"

मला वाटलं, त्यांना कुठे जायचं आहे. जायचं होतं ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन मिसाला. रोझमावशी, सांतानमावशी, वरच्या आळीतली फिलूबाय, सगळ्या आंजेलीनबाईंच्या वयाच्या, सगळ्यांच्या गुडघ्यांची एकच तक्रार. आता दर रविवारी आम्ही जातो. मी रात्रीच व्हॅन धुतो, तरी मासळीचा वास जात नाही, आणि त्याबद्दल मागे बसलेल्यांचं एकमत आहे. सर पुढे माझ्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर ते स्टूल. प्रत्येक घरापाशी उतरतात, स्टूल ठेवतात, कोपर धरतात, चांगला पाय आधी म्हणतात. मग दरवाज्याची दोरी बांधतात.

परवा परत येताना चर्चच्या दारात सगळ्यात शेवटी रोझमावशी चढत होती. स्टुलावर उभी राहून तिने क्षणभर दम घेतला, व्हॅनच्या टपावर हात ठेवला.

"आंजेलीन माका सांगायची," ती म्हणाली, "हे एक दिवस गाडी हाडतले म्हणान."

तिच्या मनात टोमणा नव्हता. नवरा एक दिवस गाडी आणील हे आंजेलीनबाईंचं बोलणं आठवलं, बोलली.

सरांनी तिला आत बसवलं, तिच्या लुगड्याचा काठ दारात अडकत होता तो सोडवून आत सारला. दोरी बांधली. पुढे येऊन बसले, स्टूल मांडीवर घेतलं आणि समोर बघत मला म्हणाले, "चल. खड्डे बघून चल."