ठोंबरेकाकांचं इन्स्पेक्शन

ठोंबरेकाकांनी सांताक्लॉजला पास केलं आणि गणपतीला नापास केलं, तेव्हा आमच्या सोसायटीला तातडीची मिटिंग बोलवावी लागली.

हा सांताक्लॉज आणि हा गणपती दोघंही पझलवरचे. खोक्यावर एक चित्र, आत त्याच चित्राचे पाचशे वेडेवाकडे तुकडे, ते जोडत बसायचं. मुलं दोन दिवस जोडतात आणि मग ते तुकडे वर्षभर सोफ्याखाली सापडत राहतात. काका मात्र सत्तरीतही रोज जोडतात. मूळ गाव खालापूरकडचं, सगळी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात. रिटायर झाल्यावर त्यांनी शेलूला आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. कारखाना सुटला, इन्स्पेक्शन काही सुटलं नाही.

त्यांचा पुतण्या माथेरानच्या एका हॉटेलात कामाला आहे. पाव्हण्यांची पोरं तिथं पझलं विसरून जातात, ती तो काकांना आणून देतो. शिवाय सोसायटीतल्या कुणाच्या पोराला वाढदिवसाला पझल आलं, की ते आधी काकांकडे तपासायला जातं. अट एकच, चित्र सणाचं पाहिजे. "रोजचा दिवस जोडून काय करायचाय? तो जोडलेलाच असतो," असं काका म्हणतात.

काका आधी खोक्यावरचं चित्र हातभर लांब धरतात, मग जवळ आणतात, मग चष्मा काढून बघतात. मग म्हणतात, "काम हाय याच्यात." किंवा, "काम नाय याच्यात." काम असेल तर खोक्यावर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण, नसेल तर लाल फुली. आपण विचारलं, का हो काका, काय वाईट आहे? तर ठरलेलं उत्तर, "इन्स्पेक्शनला कारण नसतंय रं. निकाल असतो."

या निकालांची संगती लावण्यात मी बराच वेळ घालवला आहे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मला नाहीतरी दुसरं काय काम असतं? नाताळचं एक चित्र होतं, कोपऱ्यात सांताक्लॉज, एक बारकंसं घर आणि बाकी सगळा बर्फ. ते पास. दिवाळीचं एक, सगळं काळं आभाळ आणि खाली एकुलता एक आकाशकंदील. तेही पास. दहीहंडीचं तर कुणीतरी जमिनीवर आडवं पडून काढलेलं होतं, त्यात वरचा गोविंदा सोडून सगळे कापले गेले होते. ते डबल पास. आणि होळीचं झकास रंगीबेरंगी चित्र, ज्यात इंचभर जागा मोकळी नव्हती, त्याच्यावर लाल फुली. माणसाला चित्रातलं काही कळत नाही, एवढाच निष्कर्ष मी काढला.

त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल बारा महिने पझलखाली असतं. जेवण खाली पाटावर, आणि आपण गेलो तर चहाचा कप हातातच धरायचा. टेबलावर स्टीलची ताटं मांडलेली असतात. एकात कडेचे तुकडे, एकात माणसं, एकात घरंदारं. आभाळाचे तुकडे तेवढे एका परातीत असत म्हणे, पण ती परात आपण गेलो की तिथं नसे. दुसऱ्या दिवशी जावं तर आभाळ लागलेलं असायचं. "हे कधी लावलं?" विचारलं तर, "होतं ते," म्हणायचे.

परातीसारख्याच काकूही दिसत नसत. साखरेनं काकूंचे डोळे गेले त्याला आता दोनेक वर्षं होतील. त्याआधी बिल्डिंगमधलं एक हळदीकुंकू काकूंशिवाय पार पडत नसे. डोळे गेल्यावर मात्र त्यांनी बाहेर येणं टाकलं. बेल वाजली की उठून आत जायच्या. कुणी आपल्याकडे कीव करून बघतंय हे न दिसताही कळतं, असं त्यांनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं. त्यामुळे बायकांमध्ये काकांबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं. बायको आत अंधारात बसलीय आणि हा बाबा बाहेर चित्रं जोडतोय, असं सगळ्या म्हणत. मलाही ते पटत होतं.

तर यंदाचा गणपती. आमचे चेअरमन भोईरशेठ हौशी माणूस. सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या मिरवणुकीच्या फोटोचं त्यांनी कल्याणहून खास पझल करून आणलं. मधोमध गुलाबी फेट्यात स्वतः भोईरशेठ, मागे बाप्पा. काकांनी ते जोडायचं, मग फ्रेम करून ऑफिसात लावायचं, असं ठरलं. काकांनी खोकं हातभर लांब धरलं, जवळ आणलं, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर लाल फुली मारली.

"काम नाय याच्यात."

मिटिंगमध्ये भोईरशेठ नुसते धुमसत होते. "ख्रिसमस चालतो त्या म्हाताऱ्याला. आमच्या गणपतीत काय खोट हाय? जाऊन विचारा, नायतर मी विचारतो." ते विचारायला गेले असते तर पुढं बरंच काही झालं असतं, म्हणून मीच गेलो.

दुपारची वेळ होती आणि लाईट गेलेली. बेल वाजली नाही. वाऱ्यासाठी दार अर्धवट उघडं ठेवलेलं होतं, ते मी ढकललं.

काकू टेबलाशी बसलेल्या होत्या. परात मांडीवर. एक तुकडा उचलायचा, अंगठ्यानं गुळगुळीत बाजू कुठली ते बघायचं, मग त्याच्या कडेनं बोट फिरवायचं. दुसऱ्या हाताचं बोट टेबलावरच्या आभाळाच्या कडेला. दोन्ही बोटांचं पटलं की तुकडा बसलाच. समोर काका चष्मा कपाळावर चढवून एका चर्चच्या खिडकीशी झटत होते.

"अवो, तुमची खिडकी हुयाची हाय का आज? माझं वरचं सगळं झालं."

"तुझं सोपं हाय गं."

"सोपं हाय तर या इकडं. बसा."

काका हसले. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात माझी चप्पल वाजली आणि काकू गप्प होऊन उठायला लागल्या.

"बस गं. सेक्रेटरी हाय, घरचाच," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "भोईरनं पाठवला ना तुला?" त्यांनी लाल फुलीचं खोकं काढून माझ्यापुढे धरलं. "बघ. माणसं, गुलाल, झेंडे, परत माणसं आणि भोईर. वर बोटभर जागा सोडलेली नाय. हिनं काय करायचं याच्यात?"

मी खोकं हातात घेऊन बघितलं.

"आभाळाला मला डोळे असून उपयोग नाय रं," काका म्हणाले. "सगळे तुकडे एका रंगाचे. बघून काय कळणार? तिथं ही माझ्या पुढं हाय. बाकीच्यात मग मी मदत करायला लागतो, नि मदत केलेली हिला खपत नाय."

"कुणाला खपंल?" काकू म्हणाल्या आणि पुढचा तुकडा उचलला.

भोईरशेठना मी एवढंच सांगितलं, की फोटोत आभाळ कमी पडतंय, टेक्निकल बाब आहे. टेक्निकल म्हटल्यावर ते शांत झाले. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माणूस चढवला. नवीन पझल आलं त्यात तीन हिस्से आभाळ, खाली माथेरानचा डोंगर आणि तळाला काडेपेटीएवढा मंडप. त्यात गुलाबी फेटा मसुरीच्या डाळीएवढा. काकांनी चष्मा काढून बघितलं आणि ठसठशीत पांढरी खूण केली. भोईरशेठनी सगळ्यांना पेढे दिले.

मध्ये फ्रेमचं माप घ्यायला गेलो होतो. बेल वाजवली, पण काकू टेबलापासून उठल्या नाहीत. शेवटचे काही तुकडे राहिले होते. त्यातला एक बसवून त्यांनी विचारलं, "अवो, कसं होतं हो आभाळ त्या दिवशी?"

मला वाटलं, काका नेहमीसारखं एका शब्दात उरकणार. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट घेतला, टेबलावर वाकले आणि सावकाश बघत बघत सांगू लागले. "राखाडी हाय गं सगळं. खोपोलीच्या अंगाला जास्त काळं. पाऊस येईल असं. पण डोंगराच्या वर जरा फाटलंय, तिथनं उजेड आलाय. पिवळा नाय, ताकासारखा." मग म्हणाले, "तू आत्ता लावलास ना तुकडा, तो तिथलाच."

काकूंचं बोट पुढं गेलं होतं. ते त्यांनी मागं आणलं आणि त्या तुकड्यावर ठेवलं.