मशीन नाही, जावई!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ओतीव ॲल्युमिनियमचा इंजिनाचा पार्ट नुसत्या हाताने घासून आरशासारखा करणारा माणूस आमच्या अख्ख्या भागात एकच आहे, आणि तो मी आहे! नम्रपणाला मी आज रजा दिली आहे.

त्याचं असं झालं. माझ्या सासऱ्यांकडे एक जुनी गाडी आहे. तिला ते 'बाईसाहेब' म्हणतात. सासूबाईंना नुसतं 'अगं' म्हणतात. त्यांच्या घराजवळच्या मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि सासरे बॉनेट उघडून उसासे टाकत होते. इंजिनाच्या डोक्यावरचं ते लांबुळकं झाकण, व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात त्याला, करपलेल्या तव्यासारखं काळंकुट्ट झालं होतं.

"मशीनवर पॉलिश करून आणावं लागेल," सासरे म्हणाले.

"मशीन कशाला? मी हाताने करतो! त्यात बघून भांग पाडाल!"

सासऱ्यांना टक्कल आहे, हे मला वाक्य संपल्यावर आठवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण ते माझ्याकडे अजून चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पार्सलसारखंच पाहायचे. त्यांच्या घरातला बल्ब बदलायचीही मला परवानगी नव्हती.

"बाबा, देऊन तर बघा," बायको म्हणाली. झाकण माझ्या मांडीवर आलं!

हार्डवेअरवाल्याने पॉलिश पेपरची चळत समोर ठेवली. "ऐंशी नंबरपासून सुरू करा. मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, असं चढत चढत दोन हजारपर्यंत. आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्या पेपरने काढायचे."

"म्हणजे ओरखडे आपणच पाडायचे आणि आपणच काढायचे?"

"संसारच की हो तो, साहेब!"

रोज ऑफिसच्या आधी दोन तास आणि नंतर तीन तास मी गॅलरीत बादली घेऊन बसायला लागलो. पेपर पाण्यात बुडवायचा, अंगठ्याने दाबायचा आणि घासायचं. खालून काळं पाणी असं निघायचं, की जणू मी कोळशाची खाण धुतोय! चौथ्या दिवशी बायको डोकावली.

"अहो, हे आधी नुसतं काळं होतं. आता काळं आणि खरचटलेलं दिसतंय."

"धीर धर. हा अजून एकशेवीस नंबर आहे!"

सहाशे नंबरला झाकणावर उजेड पडल्यासारखा वाटला. हजारला त्यात माझं नाक दिसलं. नाकालाही काळं लागलेलं होतं, पण दिसलं! मी गॅलरीत एकटाच नाचलो.

त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." डावा ठेवला, तर्जनी ठेवली, दहाही बोटं ठेवून झाली. मागे रांग लागली.

"जा साहेब आत, मशीन येडं झालंय," वॉचमन म्हणाला. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो, तर दारात चपलांचे जादा जोड. आत सोफ्यावर सासरे आणि सासूबाई. बायकोचे डोळे लाल.

"तीन दिवस कुठे होतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"ऑफिसला!"

"खोटं! हजेरी बघणाऱ्या बाईंचा फोन आला होता," बायको म्हणाली. "तीन दिवस गैरहजर! मी डबा देतेय आणि तुम्ही जाताय तरी कुठे? झाकण घासायला नोकरी सोडलीत ना?"

"एवढं वेड लागेपर्यंत घासायचं काय होतं त्यात?" सासूबाई रडवेल्या झाल्या. "तुमच्यामुळे झालं हे! तुमची ती बाईसाहेब!" हे सासऱ्यांना उद्देशून होतं.

ऑफिसचं मशीन अंगठा ओळखत नाही, हे सांगत मी हात पुढे केला, तेव्हा मलाही पहिल्यांदाच नीट दिसलं. पॉलिश पेपरने झाकणाबरोबर मलाही घासलं होतं! अंगठा उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत!

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि माझा हात हातात घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"रेषाच नाहीत," ते हळूच म्हणाले. "सगळ्या झिजवल्यात?"

"अजून दोन हजार नंबरचा पेपर बाकी आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते स्वतःची बादली घेऊन हजर झाले. आम्ही दोघांनी मिळून दोन हजारचा हात मारला, वर मऊ फडक्याने पॉलिश चढवलं. आणि झाकण असं लखलखलं, की सासूबाईंनी त्यात बघून टिकली सरळ केली! ऑफिसने मला हजेरीसाठी कार्ड दिलं, ते वेगळंच.

प्रदर्शनाच्या दिवशी धूळ बसू नये म्हणून झाकण सासूबाईंच्या शालीत गुंडाळलं आणि बिनझाकणाची गाडी मैदानापर्यंत ढकलत नेली. तिथे सासरे म्हणाले, "बसवणार मी! कुणी हात लावायचा नाही." बसवताना ते झाकण इतक्यांदा पुसत होते, की लोक जमले.

परीक्षक वाकले. स्वतःचं तोंड बघून दचकले. "वा! कुठल्या मशीनवर केलंत?"

सासऱ्यांनी छाती फुगवली. "मशीन नाही हो, जावई आहे!"

सर्वांत देखण्या इंजिनाचं पहिलं बक्षीस! टाळ्या! बायकोने शिट्टी मारली, देवाशपथ! सासऱ्यांनी मला भर मैदानात मिठी मारली आणि म्हणाले, "चला जावईबापू, बसा पुढे. विजेत्याने एक फेरी मारायची असते!"

मी हात हलवत होतो, लोक हात हलवत होते. अर्ध्या फेरीतच लोक जरा जास्त हात हलवायला लागले. बॉनेटमधून धूर! मागे तेलाची लांबलचक रेघ! सासऱ्यांनी गाडी थांबवली, घाम पुसायला खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर बाहेर आली ती काळी रबरी पट्टी. तेल गळू नये म्हणून झाकणाखाली बसवायचं गॅस्केट!

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जावईबापू," ते पुटपुटले, "हे पट्टीचं घरी कुणाला सांगायचं नाही."

मी शब्दाचा पक्का आहे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. फक्त इथे छापायला दिलंय!