फळी, गोंद आणि वाणीचा संयम

जिभेवर ताबा कसा ठेवावा हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ आमच्या घरी यावं, असं मी त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. नंतर सांगायचं बंद केलं. का, तेच आता सांगते.

मी मुळात हळू बोलणारी. दुकानात काही मागितलं की दुकानदार काउंटरवरून वाकून कान पुढे करतो. आवाज चढवणं मला जमतच नाही. पण सासूबाईंचं म्हणणं जरा वेगळं आहे. त्या म्हणतात, "तुझं बोलणं म्हणजे सुई गं बाई! आवाज होत नाही, पण टोचलेलं दोन दिवस ठणकतं."

हे मनाला लागलं. माझे रोजचे नेम तसे पुष्कळ आहेत: पहाटेचं नामस्मरण, एक अध्याय वाचन, संध्याकाळी पाव तास मौन. त्यात मी एका नव्या व्रताची भर घातली. चाळीस दिवस तोंडातून एकही कटू शब्द काढायचा नाही! राग येवो, दूध उतू जावो, बोट चेमटो, तोंडून यायचं ते फक्त देवाचं नाव. चाळिसाव्या दिवसाचा सूर्य मावळला की व्रत पूर्ण. त्याआधी एक शब्द जरी निसटला, तरी सगळं पाण्यात!

"चाळीस दिवस?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ह्या घरात? माझ्या मुलासोबत?"

आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आपल्या उशाशी ठेवलं. रोज सकाळी एक फुली मारायच्या आणि माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी दोरीवर चालतेय आणि त्यांनी तिकीट काढलंय.

आता त्यांच्या मुलाविषयी, म्हणजे आमच्या ह्यांच्याविषयी. हे नुकतेच निवृत्त झालेले. तीस वर्षं कचेरीत फायली हलवल्या आणि घरी बसल्यावर सबंध घरच ह्यांना दुरुस्तीला आलेलं दिसू लागलं. ह्यांनी बाथरूमचा नळ दुरुस्त केला. तेव्हापासून तिथला नळ सोडला की स्वयंपाकघरातला गळतो. दारावरची घंटी दुरुस्त केली. आता पंखा लावला की ती वाजते. आम्ही उन्हाळाभर दार उघडायला धावत होतो! पण मी एक शब्द बोलले नाही. "देवा" म्हणायची आणि दाराकडे जायची.

व्रत माझं असलं तरी हेही पाळत होते, हे कबूल करायला हवं. हातोडी लागली, पक्कड पडली, की हेसुद्धा देवाचंच नाव घ्यायचे. होता होता आमची एक मोजपट्टीच तयार झाली. साध्या खरचटण्याला 'देवा!' नख काळंनिळं झालं तर 'दयाघना!' रक्त आलं तर 'कृपासागरा!' आणि ह्याहून मोठ्या दुखापतीसाठी आम्ही 'अनंतकोटीब्रह्मांडनायका!' राखून ठेवलं होतं. लागलेलं जितकं मोठं, तितकं नाव लांब. ते पूर्ण म्हणेपर्यंत निम्मी कळ ओसरते, हा माझा स्वानुभव आहे.

तर, चाळिसावा दिवस उजाडला. आमच्या प्रार्थना मंडळाच्या अकरा बायका चार वाजता यायच्या होत्या. मंडळाच्या मोठ्या ताईंनी मला पाच मिनिटं बोलायलाही सांगितलं होतं. विषय होता 'वाणीचा संयम'. मी आठ दिवस तयारी केली होती. साडेतीनला मी टिपण हातात घेऊन आतल्या खोलीत शेवटची उजळणी करत होते, तेवढ्यात हे आत आले. एका बगलेत लाकडी फळी, दुसऱ्या बगलेत ड्रिल मशीन.

"तुझ्या पोथ्या जमिनीवर राहतात ना? आज बायका यायच्या आत फळी ठोकून देतो. अर्ध्या तासाचं काम!"

"सुतार..." मी हळूच म्हणाले.

"सुतार कशाला? दोन भोकं, चार स्क्रू, एक फळी! सुतार काय आईच्या पोटातून शिकून येतो?"

माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. फार सुरेख वाक्य होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "देवा."

"बघ, तुझाही आशीर्वाद आहे!" असं म्हणून हे स्टुलावर चढले.

धूळ बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दार लोटून घेतलं. नुसतं लोटलं, कडी लावली नाही, हे लक्षात ठेवा. भिंत पक्की आहे का हे बघायला ह्यांनी आधी एक खिळा ठोकायचं ठरवलं. खिळा मी धरला. हातोडी ह्यांनी मारली. भिंत पक्की होती, खिळा पक्का होता, मधे माझा अंगठा होता.

"दयाघना!"

मग ड्रिल सुरू झालं. अहो, काय तो आवाज! एकाच वेळी शंभर दाढा कोरल्यासारखा! ह्यांनी अंगात जुना ढगळ सदरा घातला होता. त्याचं टोक मशीनच्या फिरत्या दांडीत अडकलं आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसा सदरा भराभर गुंडाळत वर निघाला. बटणं टपाटप उडाली. मशीन हनुवटीपाशी पोचलं तेव्हा मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"कृपासागरा!" हे किंचाळले. हनुवटीला जरासं खरचटलं होतं. मोजपट्टीप्रमाणे 'देवा'चंच काम होतं ते, पण घाबरलेल्या माणसाला कोण अडवणार?

भोकं झाली, पण स्क्रू घालायला गेलो तर अख्खं बोट आत जाईल एवढी! हे डगमगले नाहीत. खिशातून एक नळी काढली. "जगातला सगळ्यात मजबूत गोंद! दोन थेंबांत हत्ती चिकटतो, असं दुकानदार म्हणाला." ह्यांनी भोकांत गोंद भरला, लोखंडी कोन चिकटवले, कोनांवर गोंद ओतला, त्यावर फळी ठेवली. नळीवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ह्यांचा चष्मा बाहेरच्या खोलीत होता.

"आता दहा मिनिटं दाबून धरायचं. तू त्या टोकाला, मी ह्या टोकाला. आणि वजन हवं वजन!" असं म्हणत ह्यांनी ड्रिल मशीन, हातोडी आणि स्क्रूंचा उघडा डबा फळीवर ठेवला.

बाहेर पावलं वाजली. बायका आल्या होत्या. सासूबाई त्यांना बसवत होत्या. त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "बसा, बसा. ती आत नामस्मरण करतेय. आणि काय सांगू, आज माझा मुलगासुद्धा बसलाय हो! मघापासून देवाला हाका मारतोय! दयाघना काय, कृपासागरा काय! मला तर रडूच आलं."

"अहो," मी कुजबुजले, "झाली दहा मिनिटं. सोडा."

"तू आधी सोड."

मी बोटं काढायला गेले. बोटं येईनात. दोन्ही हातांची चारचार बोटं फळीच्या खाली घट्ट चिकटलेली! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडेच पाहत होते. ह्यांचे तर दोन्ही तळवे! गडबडीत ह्यांनी पाय हलवला, स्टूल कलंडलं ते थेट माझ्या पायावर, आणि हे दोन्ही हात वर करून चवड्यांवर लोंबकळले. पोलिसांना शरण आलेला दरोडेखोर बघा, तसे.

"देवा!" मी.

"देवा!" हे.

"दे... वा!" बाहेरून अकरा बायका आणि सासूबाई. मागोमाग टाळ्या सुरू झाल्या.

आणि मग फळी कलली. ह्यांच्या बाजूला, अगदी बोटभर. डब्यातला एक स्क्रू घरंगळत कडेला आला आणि ह्यांच्या टकलावर पडला. टक!

"देवा!"

"दे... वा!" बाहेरून.

टक! "देवा!" "दे... वा!" टक! "देवा!" "दे... वा!"

अहो, काय लय साधली होती! अर्ध्या वाटेवर बायकांनी टाळ्यांचा वेग दुप्पट केला. स्क्रूही भराभर पडू लागले. मी सगळा जीव एकवटून म्हणाले, "कुणीतरी आत या हो!" पण माझा आवाज तो केवढा! टाळ्यांत विरघळून गेला. हे ओरडले, "आई! दार उघड!" तर आतून काही शब्द आल्याचं बाहेर कुणाला तरी कळलं असावं, कारण मोठ्या ताई म्हणाल्या, "शू... कुणी आत जायचं नाही. त्यांची तंद्री मोडेल."

"त्यांची काय मोडेल?" हे मला म्हणाले. "माझं डोकं मोडेल! वर बघ!"

मी वर बघितलं. ड्रिल मशीन सरकत होतं. अर्धं फळीवर, अर्धं हवेत, आणि त्याचं अणकुचीदार टोक बरोबर ह्यांच्या टाळूवर रोखलेलं. हातोडी त्याच्या मागे रांगेत उभी होती.

"अनंतकोटीब्रह्मांडनायका!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. बाहेर तर उत्साहाला उधाण आलं! कुणीतरी ताट वाजवायला घेतलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही जितके मोठ्यानं देवाला बोलावू, तितकं दार घट्ट बंद राहणार. ते उघडायचं असेल, तर आतून असं काहीतरी ऐकू जायला हवं, जे प्रार्थनेत बसूच शकत नाही. म्हणजे एक कटू शब्द! एकच! पण खणखणीत!

खिडकीतून ऊन दिसत होतं. सूर्य मावळायला दोन तास होते. एकोणचाळीस दिवस आणि वर इतके तास! कॅलेंडरवरच्या त्या सगळ्या फुल्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. टिपणातलं पहिलं वाक्यही आठवलं, 'भगिनींनो, शब्द हे शस्त्र आहे.' मशीन आणखी बोटभर सरकलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू व्रत मोडू नकोस हं. मी सोसेन."

हे ऐकलं मात्र, माझ्या बेंबीच्या देठापासून एक आवाज आला. तो माझाच होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

"अहो मूर्ख माणसा!!"

बाहेर टाळ्या थांबल्या. ताट थांबलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, नाही का? एकच शब्द ठरला होता. पण धरणाचं एक दार उघडलं की पाणी विचारून येतं का?

"अहो, सोसेन काय सोसेन? गाढवासारखे लटकलाय आणि वर हुतात्मा होताय? तीन फुटांची फळी लावायला तुम्ही अख्खी भिंत कोरलीत! नळ दुरुस्त करता की पूर आणता? पंखा लावला की दाराशी कोण आलंय हे बघायला जायचं, हे कुठल्या शहाण्याच्या घरात चालतं? तुम्ही दुरुस्त केलेल्या खुर्चीवर बसलेला पाहुणा परत आलाय का कधी? जगातला सगळ्यात मजबूत गोंद आणता, आणि वाचायला डोळे बाहेरच्या खोलीत ठेवता! अहो, अक्कल वाटत होते तेव्हा तुम्ही काय रांगच दुरुस्त करत होतात?"

मी बोलत राहिले. एकोणचाळीस दिवसांत गिळलेली सगळी वाक्यं ओळीनं उभी होती. एकेकाला वाट देत गेले. मी हळू बोलणारी बाई! पण त्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या लोकांनी गॅलरीत येऊन ऐकलं म्हणे. धाप लागली तेव्हा कुठे मी श्वास घ्यायला थांबले आणि मान वळवली.

दार सताड उघडं होतं. दारात अकरा बायका उभ्या होत्या. मोठ्या ताईंच्या हातात ड्रिल मशीन होतं, दुसरीच्या हातात हातोडी, सासूबाईंच्या पदरात स्क्रू.

"तुम्ही... कधी आलात?" मी विचारलं.

"पहिल्या शब्दाला," मोठ्या ताई म्हणाल्या. "मशीन काढलं तेव्हा तुमचं नळावर चाललं होतं. मधे थांबवावंसं वाटेना."

"सात मिनिटं झाली," सासूबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "एक शब्द दोनदा आला नाही. तेवढं मान्य करायला हवं."

खालच्या मजल्यावर दवाखाना असलेले डॉक्टर वर आले. कोमट साबणाचं पाणी आणि कसलंसं उग्र वासाचं औषध लावत त्यांनी आमचं एकेक बोट सोडवलं. अंगठ्याला पट्टी, हनुवटीला पट्टी, माझ्या पायाला पट्टी, टकलावर सतरा ठिकाणी लाल औषध. मी मान खाली घालून बसले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते औषधाच्या वासानं आलंय असं सगळ्यांना सांगितलं. मावळतीला अजून तासभर होता आणि व्रत मोडलं होतं, तेही संयमावर भाषण ऐकायला आलेल्यांसमोर!

हे जवळ सरकले. दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले.

"खरं सांगू?" हे हळूच म्हणाले. "आज हायसं वाटलं बघ. चाळीस दिवस मी काहीही बिघडवावं आणि तू नुसतं 'देवा' म्हणावंस! मला वाटायला लागलं होतं, तुला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तू माझ्यापासून लपवतेयस."

"मीही डॉक्टरांना विचारणारच होते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅलेंडर मुकाट्यानं भिंतीवर टांगलं.

चाळीस दिवस मी समजत होते की घर माझ्या गोडव्यात न्हाऊन निघतंय, आणि घर मात्र माझी नाडी बघत होतं!

पण नेमाशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तेच व्रत पुन्हा घेतलं, जरा बेतानं. सकाळी उठल्यापासून पहिला चहा होईपर्यंत कटू शब्द नाही. फार तर पाऊण तास. सांगायला आनंद वाटतो, की आजवर ते चार वेळा निर्विघ्न पार पडलं आहे. किती महिन्यांत, ते मात्र विचारू नका.